मेहुणा मेलानोगास्टर

घरात कुठल्याही कार्याची तारीख काढायची म्हटली की सासरे पंचांग उघडतात, सासूबाई कोणाला सुतक आहे ते आठवतात आणि मेहुणा बोटांवर दहा-दहा मोजायला लागतो. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. आज नर-मादी एका बाटलीत सोडले की १० दिवसांनी पोरं, आणि त्या पोरांची आपसांत लावून दिली की आणखी १० दिवसांनी नातवंडं. "सतरा तारीख नको ताई," तो फोनवर म्हणाला, "सतराला माझी एफ-टू आहे." एफ-टू म्हणजे माश्यांची दुसरी पिढी, हे त्याच्या ताईला, म्हणजे आमच्या हिला, काय माहीत? तिला वाटलं, पोराची परीक्षा असेल. मुंज आमच्या चिरंजीवांची होती आणि मुंजीत मामाशिवाय पान हलत नाही. कार्यालयाच्या ॲडव्हान्सवर पाणी सोडून आम्ही तारीख बदलली. माश्यांच्या नातवंडांपायी भाच्याची मुंज पुढे गेली, हे नंतर उघडकीला आलं. त्याहून नंतर हेही कळलं की त्याच माश्या १८ अंशांच्या कपाटात ठेवल्या की त्यांना जवळजवळ दुप्पट वेळ लागतो.

"मग ठेवायच्या ना अठराला!" ही कडाडली.

"ताई, प्रयोग पंचविसाला सुरू केला की पंचविसालाच संपवावा लागतो," तो म्हणाला. वर, यात न समजण्यासारखं काय आहे, असा चेहरा.

हा मेहुणा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ड्रॉसोफिला मेलानोगास्टर नावाच्या माशीवर काम करतो. केळी जास्त पिकली की टोपलीभोवती जी बारीक, लाल डोळ्यांची चिलटं जमतात, ती ही. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. त्याच्यामुळे त्याच्या गोतावळ्यातली बरीच मंडळी आमच्याकडे जेवून गेली आहेत, आणि आता माशीवाला माणूस मी लांबून ओळखतो. मायक्रोस्कोपमध्ये वाकून वाकून मान पुढे आलेली असते. अंगाला आंबलेल्या पिठाचा मंद वास येतो. खिशात शून्य नंबरचा ब्रश असतो, पण चित्र काढायला सांगितलं तर कमळसुद्धा जमत नाही. पानावर माशी बसली की आपण हात उडवतो. हा हातातला घास हातातच ठेवून वाकून बघतो, आणि "घरमाशी आहे" असं म्हणून निराश होऊन जेवायला लागतो.

"माश्या मारायचा पगार देतात का रे?" हा विनोद आपणच पहिल्यांदा केला असं त्याच्या प्रत्येक नातेवाइकाला वाटतं. मेहुणा त्याचं मनापासून उत्तर देतो. "मारतो ना. रोज संध्याकाळी. मोजून झालेल्या माश्या स्पिरिटच्या बाटलीत टाकायच्या. त्या बाटलीला आम्ही मॉर्ग म्हणतो." यानंतर नातेवाईक श्रीखंड वाढायला सांगतो.

माशीवाल्याच्या आयुष्याचं वेळापत्रक माशीची मादी ठरवते. कोशातून बाहेर पडल्यावर २५ अंशांना पहिले आठेक तास ती नराला दाद देत नाही. पुढचं सांगता येत नाही. आणि एकदा समागम झाला की नराचं बीज ती पोटात साठवून ठेवते आणि कितीतरी दिवस पुरवून वापरते. तेव्हा अमुकच नराची आणि अमुकच मादीची प्रजा हवी असेल, तर त्या आठ तासांच्या आत मादीला उचलून वेगळं काढायचं. अशा माद्यांना हे लोक सरळ 'व्हर्जिन' म्हणतात. सकाळी बाटल्या झटकून रिकाम्या करायच्या, दुपारी पुन्हा बघायच्या, रात्री पुन्हा. मग लक्ष्मीपूजन असो की वर्ल्ड कपची फायनल.

एकदा स्वारगेटच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसून फोनवर बोलत होता. "किती व्हर्जिन मिळाल्या? बाराच? अरे नीट बघ. फिकट असतात, अंग जरा सुजलेलं असतं, पोटात काळपट ठिपका दिसतो. बाकीच्या मी रात्री येऊन घेतो." समोरच्या बाकावरच्या बाईंनी शेजारी बसलेल्या मुलीला खिडकीकडे सरकवलं. मी त्याला कोपराने ढोसलं, "अरे, शब्द जरा जपून. लोक ऐकतायत." त्याने समजुतीने मान डोलावली आणि आवाज चढवून म्हणाला, "हां, तर कुमारिका कमी पडतायत." पुढचा सगळा प्रवास आम्हाला दोघांना बसायला ऐसपैस जागा होती.

त्याची प्रयोगशाळा मी पाहिली आहे. बोटभर जाडीच्या नळ्या, तोंडाला कापसाचा बोळा, तळाशी दोन बोटं पिवळसर खाणं, आणि अशा नळ्यांचे ट्रेच्या ट्रे. नळीवर मार्करने लिहिलेलं वाचण्यापेक्षा मोडी परवडली. मेहुण्याने एक नळी एका पांढऱ्या सच्छिद्र पाटीवर झटकली. पाटीतून कार्बन डायऑक्साइड येत असतो, त्यामुळे माश्या जागच्या जागी गुंगल्या. मग ब्रशच्या टोकाने तो एकेकीला उताणी करायला लागला. "हा नर. पोटाचं टोक काळं आणि पुढच्या पायावर हा काळा कंगवा, दिसला? ही मादी. हिचे पंख वर वळलेत, म्हणजे कर्ली. हिच्या पाठीवरचे केस आखूड, जाड, म्हणजे स्टबल." मला दिसत होते ते लाल डोळे, आणि तेही सगळ्यांचे सारखेच. तो मात्र न थांबता डावीकडे-उजवीकडे वाटे करत होता आणि तोंडाने आमच्या सोसायटीच्या पार्किंगवर बोलत होता.

वळलेल्या पंखांचं कारण त्याने मला जिन्यात उभं करून समजावलं. या माशीला गुणसूत्रांच्या चारच जोड्या, त्यांतली चौथी ठिपक्याएवढी. पेशीच्या विभाजनाला लागणारा जीन बिघडवला आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर माशी सहसा मोठी व्हायच्या आतच मरते. मग हा बिघाड पाळायचा कसा? एका बाजूला बिघडलेली प्रत आणि दुसऱ्या बाजूला बॅलन्सर नावाचं गुणसूत्र. बॅलन्सरचे तुकडे उलटसुलट जोडलेले असतात, त्यामुळे त्याची जोडीदाराशी देवाणघेवाण होत नाही, आणि वळलेले पंख किंवा आखूड केस अशी ठळक खूण ते अंगावर वागवतं. दोन बिघाड एकत्र आले तरी माशी मरते, दोन बॅलन्सर एकत्र आले तरी मरते. जगतात त्या एक-एक घेतलेल्याच. असे बिघाड हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. ही विद्या हर्मन मुलरच्या काळापासूनची. त्याने १९२७ मध्ये क्ष-किरणांनी माश्यांत हवे तेवढे बिघाड घडवता येतात हे दाखवलं आणि १९४६ चं नोबेल मिळवलं. त्याआधी बिघाड आपोआप होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसावं लागे.

मग त्याने मला माशीचा मेंदू दाखवला. खरं तर अळीचा. कोशात जायच्या बेतात असलेली अळी पाण्याच्या थेंबात ठेवायची, दोन बारीक चिमटे घ्यायचे. तोंडाशी दोन काळे आकडे असतात, ते एका चिमट्यात. अंग दुसऱ्या चिमट्यात. हलकी ओढ दिली की आकड्यांबरोबर मेंदू बाहेर येतो, दोन पारदर्शक गोळे. त्यावर ऑर्सिन नावाचा जांभळट रंग, ज्याला व्हिनेगरचा झणका येतो. वर काचेची चकती, त्यावर टिपकागदाची घडी, आणि मग अंगठा. सगळं वजन देऊन दाबलेला अंगठा. चकती एवढीशी जरी सरकली तरी सकाळ वाया. मायक्रोस्कोपला लाखांवर पैसे पडतात आणि सगळं शेवटी अंगठ्यावर. मी आत डोकावलो. एका पेशीत गुणसूत्रं सुटी सुटी दिसत होती, काही वाकलेली, काही सरळ, आणि दोन ठिपके. तिच्या शेजारच्या पेशीत तेच. त्याच्या पलीकडे तेच. "एवढ्या पेशी ऐन विभाजनात सापडत नाहीत कधी," तो कुजबुजला. "या अडकून पडल्यात. माझा जीन नाही ना यांच्यात." त्या क्षणी तो जितका सुखी दिसला तितका स्वतःच्या साखरपुड्यातही दिसला नाही.

माशीवाल्यांचं डोकंच उलटं चालतं. आपण विचारतो, हा माणूस काय करतो? ते विचारतात, हा नसला तर काय अडतं? जीनला नावही तो नसताना जे दिसतं (यालाच ते फेनोटाइप म्हणतात) त्यावरून ठेवतात. ज्या जीनमुळे माशीच्या डोळ्यांना लाल रंग येतो त्याचं नाव 'व्हाइट', कारण तो बिघडला की डोळे पांढरे. 'टिनमन' नसला की भ्रूणात हृदय तयार होत नाही. 'चीप डेट' बिघडलेली माशी थोडक्या दारूत झिंगते. 'केन अँड बार्बी' म्हणजे काय ते मेहुणा सासूबाईंना सांगायच्या बेतात होता, मीच पाणी मागितलं. पेशीविभाजनाच्या खात्यात 'पोलो', 'ऑरोरा', 'मेरी-गो-राउंड', 'स्पगेटी स्क्वॉश' अशी मंडळी आहेत. एका जीनचं नाव 'पावारोत्ती' आहे. तो नसला की पेशीचे दोन भाग होता होत नाहीत आणि ती गलेलठ्ठच राहते.

घरातली माणसंही तो अशीच ओळखतो. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला तो 'ओव्हरफ्लो' म्हणतो, कारण वॉचमन सुट्टीवर गेला की गच्चीवरची टाकी वाहते. सासरे गावाला गेले की रिमोट सापडतो, म्हणून त्यांचं नाव 'रिमोट सापडला'. सासूबाईंना त्याने नाव ठेवलेलं नाही. त्या नसल्या तर काय होईल, हा प्रयोग करण्याची हिंमत घरात कोणाचीच नाही.

"आणि मी?" मी एकदा विचारलं.

तो विचारात पडला. "मागे तुम्ही नागपूरला गेला होतात ना भावोजी," तो म्हणाला, "तेव्हा काही फेनोटाइप दिसला नाही." माझा चेहरा पाहून त्याने घाईघाईने पुस्ती जोडली, "म्हणजे तुम्ही निरुपयोगी असं नाही हां. कधी कधी तेच काम दुसरा कोणीतरी गुपचूप करत असतो."

या लोकांचं तीर्थक्षेत्र न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात. १६ बाय २३ फुटांची एक खोली, तिचं नाव फ्लाय रूम. तिथे थॉमस हंट मॉर्गनला १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि जीन गुणसूत्रावर बसलेला असतो हे त्या एका नराच्या वंशावळीतून दिसलं. मेहुण्याला या खोलीचा इतिहास पाठ आहे आणि तो कुठल्याही प्रसंगी सुरू होतो. माश्या दुधाच्या बाटल्यांत ठेवत. त्या बाटल्या लोकांच्या दारांतून उचलल्या जात असं म्हणतात. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाच्या पोराने १९११ मध्ये कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून एका रात्रीत जगातला पहिला जीन-नकाशा काढला. (हा भाग त्याने आमच्या चिरंजीवांसमोर सांगितल्यापासून आमच्याकडे गृहपाठ बाजूलाच असतो. नकाशाचा पत्ता नाही.) पण त्याचा खरा देव कॅल्व्हिन ब्रिजेस. हा बाटल्या धुवायला ठेवलेला विद्यार्थी. बाटलीच्या जाड काचेतून याला वेगळ्याच लालभडक डोळ्यांची माशी दिसली, आणि मॉर्गनने त्याला धुण्यावरून मोजण्यावर घेतलं.

ब्रिजेसची गोष्ट सांगताना मेहुणा उभा राहतो. पांढऱ्या डोळ्यांची आई आणि लाल डोळ्यांचा बाप असला की मुलीचे डोळे लाल आणि मुलाचे पांढरे यायला हवेत. कारण हा जीन एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो आणि मुलाचा एकुलता एक्स आईकडून येतो. पण क्वचित एखादी मुलगी पांढऱ्या डोळ्यांची निघे. ब्रिजेस म्हणाला, याचा अर्थ हिच्या आईचे दोन्ही एक्स अंड्यात एकत्रच राहिले, विभक्त झालेच नाहीत. तेव्हा हिच्या पेशीत दोन एक्स आणि एक वाय सापडायला हवा. मग त्याने मायक्रोस्कोपखाली बघितलं. दोन एक्स, एक वाय. हा निबंध १९१६ मध्ये 'जेनेटिक्स' या नव्या मासिकाच्या पहिल्या अंकात पहिल्या पानावर छापला गेला. "नुसते डोळे बघून आत काय आहे ते सांगितलं भावोजी!" मेहुणा म्हणतो, आणि त्याच्या ताटातली आमटी गार झालेली असते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे मे महिन्यात देवगडला गेलो. तिथे त्याच्या काकांची हापूसची बाग आहे. काका त्याची वाटच बघत होते. गेल्या गेल्या त्यांनी एक आंबा चिरून त्याच्या पुढ्यात ठेवला. आत अळ्या वळवळत होत्या.

"तू माशीचा डॉक्टर ना? मग हिच्यावर औषध सांग."

मेहुण्याने आंबा उजेडात धरला. "काका, ही माझी माशी नाही. ही बॅक्ट्रोसेरा. खरी फळमाशी ती हीच. ही चांगल्या फळात सालीखाली अंडी घालते. माझी सडक्या फळावर येते, तिथलं यीस्ट खायला."

"म्हणजे चांगलं फळ नासवते तिच्यावर तुझं काम नाही, आणि आधीच नासलेल्यावर बसते तिच्यावर तुला सरकार पैसे देतं?"

"तिच्यासाठी दापोलीला कृषी विद्यापीठ आहे ना काका."

"तुका काय येता मगे?" काका म्हणाले आणि सापळे बघायला निघून गेले. झाडांना मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगले होते. त्या वासाने फळमाशीचे नर आत येऊन मरतात. थोड्या वेळाने बघतो तर मेहुणा एक सापळा उतरवून वर्तमानपत्रावर मेलेल्या माश्या ओतून ब्रशने मोजत बसलेला. "खरंच सगळे नर," तो म्हणाला. माद्या काढायच्या कटकटीतून सुटलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

रात्री जेवणं झाल्यावर काकांना दया आली असावी. पडवीत सुपारी कातरता कातरता त्यांनी विचारलं, "बरं, त्या सडक्या माशीत तू बघतोस तरी काय?"

"पेशी एकाची दोन कशी होते ते."

"कशी होते?"

"आधी सगळ्या गुणसूत्रांची एकेक नक्कल होते. मूळ आणि नक्कल एकमेकांना चिकटून राहतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून दोर येतात. प्रत्येक जोडीतल्या एकाला या टोकाचा दोर लागला पाहिजे, दुसऱ्याला त्या टोकाचा. सगळ्या जोड्यांना दोन्हीकडून दोर लागले की चिकटा तुटतो. अर्धा ऐवज इकडे, अर्धा तिकडे."

"ही वाटणी झाली," काका म्हणाले.

"वाटणीच."

"आणि एखाद्या जोडीला दोर लागायचा राहिला तर?"

"तर सगळं थांबतं. एक जरी राहिली तरी बाकीच्या सगळ्या थांबून राहतात."

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. "एक पोटहिस्सा सातबाऱ्यावर चढायचा राहिला की सगळी वाटणी तुंबते, तसं. आमची त्या विहिरीपायी नऊ वर्षं तुंबली होती."

"पेशीला एवढा वेळ नसतो काका. माशीच्या अंड्यात सुरुवातीच्या वाटण्या आठ-नऊ मिनिटांना एक अशा होतात."

"आठ मिनिटांत वाटणी?"

"तेव्हा भिंतीच घालत नाहीत ना. पहिल्या १३ वेळा नुसती केंद्रकं वाढत जातात, सगळी एकाच अंड्यात. सुमारे ६,००० झाली की मग एकदम सगळ्यांभोवती भिंती."

"म्हणजे आधी एकत्र कुटुंब, आणि मग सगळ्यांनी एकाच दिवशी गडगे घातले!" काकांना आता रंग चढला होता. "यात तुझा तो जीन कोण? तलाठी?"

"तलाठी वेगळे आहेत, ते अडवणारे. माझ्या जीनचं नाव आस्प. दोन टोकांना जिथे दोर एकत्र येतात तिथे तो ते घट्ट धरून ठेवतो. तो नसला की टोकाशी दोर फिसकटतात, आणि वाटणी अडते."

"मोजणीला साखळीचं टोक धरून उभा राहतो तो गडी."

मेहुण्याने आनंदाने माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते काकांना एका सुपारीत कळलं होतं. "बरोबर! तोच गडी!"

"त्या एका गड्यावर तू किती वर्षं घालवलीस?"

"सहा."

"योग्य केलंस," काका गंभीरपणे म्हणाले. "आमच्या मोजणीत तो गडीच फितूर होता."

मग मेहुण्याने अगदी सहज सांगून टाकलं की आस्प १९८५ मध्ये माशीत सापडला, पण माणसातही त्याचा भाऊबंद आहे, आणि तो बिघडला की बाळाचा मेंदू लहान राहतो, डोकं लहान राहतं, हे २००२ मध्ये कळलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. "मग हे आधी सांगायचं सोडून सडक्या केळ्याचं काय सांगत बसलास?" ते म्हणाले. मेहुणा गोंधळला. "पण मी ती मुलं कुठे बघतो काका? मी माशी बघतो."

हा प्रामाणिकपणा त्याला लग्नाच्या बाजारात फार महाग पडला. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमचा मुलगा कॅन्सरवर संशोधन करतो." बशीतला पोह्यांचा घास घशाखाली उतरायच्या आत हा म्हणायचा, "माशीवर." वास्तविक सासूबाईंचं अगदीच खोटं नव्हतं. पोलो आणि ऑरोरा यांचे माणसातले भाऊबंद बऱ्याच कॅन्सरमध्ये उधळलेले असतात आणि त्यांना आवर घालणारी औषधं रुग्णांवर तपासली गेली आहेत. पैसे मागायच्या अर्जात पहिल्या ओळीत कॅन्सर असतो, शेवटच्या ओळीत कॅन्सर असतो आणि मध्ये सगळ्या माश्या, हे त्याने मला स्वतः सांगितलं आहे. पण मुलीच्या वडिलांना तो ती पहिली ओळ वाचून दाखवायला तयार नव्हता.

माश्यांच्या खाण्याबद्दल सांगायचं राहिलं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर पाण्यात शिजवायचं, निवत आलं की बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक ॲसिड घालायचं, मग हजारभर नळ्यांत ओतायचं. त्याच्या संस्थेत हे काम एक मामा करतात. एका वर्षी मामा गणपतीला गावी गेले आणि परतीच्या वाटेवर आजारी पडले. माश्या बी-बियाण्यासारख्या डब्यात भरून ठेवता येत नाहीत. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांना ताज्या खाण्यावर हलवावं लागतं. अमेरिकेत ब्लूमिंग्टनला ७०,००० हून जास्त जातींच्या माश्या आहेत, तिथेही हेच चालतं. मग डॉक्टरेट झालेल्या आणि होऊ घातलेल्या मंडळींनी मिळून खाणं शिजवायला घेतलं. पहिलं पातेलं करपलं. दुसऱ्यात गुठळ्या झाल्या. तिसऱ्यात ॲसिड उकळत्यात पडलं आणि सगळा मजला डोळे चोळत बाहेर आला. चौथं जमलं, पण घट्ट बसलं नाही, आणि सहा वर्षं जपलेल्या माश्या त्यात बुडाल्या. "मामा हा आमच्याकडचा सगळ्यात इसेन्शियल जीन," मेहुण्याने निष्कर्ष काढला. "दोन दिवसांत फेनोटाइप. मोठे साहेब सहा महिने परदेशात होते, काही दिसलं नाही."

शेवटी त्याचं लग्न झालं ते एका यीस्टवालीशी. ती यीस्टच्या पेशी कशा विभागतात ते बघते. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले असते तरी एवढं भांडण जमलं नसतं. तिच्या मते माशीवाले म्हणजे नुसती नावं ठेवणारे. "तुमची ती 'स्ट्रिंग' म्हणजे आमचं सीडीसी-२५. शोधलं आम्ही, बारसं केलंत तुम्ही." तो बोटांवर माशीची नोबेलं मोजतो, १९३३, १९४६, १९९५, २०११, २०१७. ती म्हणते, पेशीचक्राचं २००१ चं नोबेल कोणाला? हार्टवेल, नर्स आणि हंट. त्यात यीस्ट आहे, समुद्रातला सी-अर्चिन आहे, तुझी माशी कुठाय? यावर तो गप्प बसला की ती शेवटचा घाव घालते, "आणि तुझ्या माश्या जगतात त्या आमचं यीस्ट खाऊन."

यंदाच्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचं बारसं झालं. नाव आत्याने ठेवायचं ही रीत आपल्याकडे ज्याने घातली त्याच्या ओळखीत एखादा माशीवाला असला पाहिजे. मेहुण्याचं म्हणणं असं की माशीच्या पद्धतीने जायचं तर हुशार मुलीचं नाव 'ढ' ठेवायला हवं, कारण माशीला शिकायला जो जीन लागतो त्याचं नाव 'डन्स' आहे. मुलीची आई म्हणाली, नाव हवं कशाला, आमच्याकडे क्रमांक असतात. आमच्या हिने दोघांनाही पाळण्यापासून लांब उभं केलं आणि कानात कुर्रर करून एक साधं, कुठलाही बिघाड नसलेलं नाव ठेवलं.

काकांनी देवगडहून पेटी पाठवली होती. जेवणं झाल्यावर ती फोडली तर वरच्याच थरातला एक आंबा नासलेला निघाला. नवरा-बायको दोघंही त्याच्यावर तुटून पडली. तिला सालीवरचं यीस्ट खरवडून न्यायचं होतं, त्याला आत कोणाच्या अळ्या आहेत ते बघायचं होतं, आणि आधी चमचा कोणी घालायचा यावरून स्वयंपाकघरात जुंपली. पाळण्याची दोरी तेवढ्यात माझ्या हातात आली होती. मी झोके देत होतो तोवर पोरगी गप्प होती. हात अवघडला म्हणून दोरी सोडली आणि तिने जी किंकाळी फोडली, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"दिसला का फेनोटाइप?" मी आत ओरडलो.

त्यांचं लक्ष नव्हतं. चमचा कोणाचा ते अजून ठरायचं होतं.